गूढाच्या धुक्यात हरवलेला कारागीर

गूढविद्या आणि इतिहासातला संशोधक यांची एकाच कथेत सांगड घालण्याचा मोह पदार्पण करणाऱ्या लेखक-दिग्दर्शकांना नेहमीच पडतो. या प्रयोगाचे बरेवाईट कशावरून ठरवावे? माझ्या मते कसोटी एकच : कथा संपल्यावर संशोधकाचे श्रम वाचकाला अधिक कळले, की कमी?

या वाटेवरचा मानदंड म्हणजे मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’. १८१८ साली ही त्यांची पहिली कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. तिचा नायक अग्रिपा, पॅरासेल्सस या जुन्या किमयागारांच्या ग्रंथांनी भारावतो. पण त्याच्या हातून निर्मिती घडते ती रसायन आणि शरीरशास्त्राच्या अभ्यासातून, रात्रंदिवस खपून. गूढ त्याला कुतूहल देते, उत्तर देत नाही. आणि निर्मितीची जबाबदारी शेवटपर्यंत त्याच्याच मानेवर राहते.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण पडद्यावरचे आहे. विभू पुरी यांचा पहिला चित्रपट ‘हवाईजादा’ जानेवारी २०१५ मध्ये आला. नायक शिवकर बापूजी तळपदे, म्हणजे १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची ज्यांची आख्यायिका सांगितली जाते ते. चित्रपटात सुब्बराय शास्त्री त्यांचे गुरू होतात आणि प्राचीन विद्येच्या बळावर विमान आकाशात झेपावते.

इथे कालगणना आडवी येते. शास्त्रींनी ‘वैमानिक शास्त्र’ सांगून लिहवून घेतले ते १९१८ ते १९२३ या काळात. तोवर तळपदे निवर्तले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली हा ग्रंथ तपासला. तो विसाव्या शतकातला असून त्यातली विमाने उडूच शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कलाकृतीला कल्पनेची मुभा असतेच. म्हणून हा दोष केवळ तारखांचा नाही. विद्या पोथीतच तयार असेल, तर तळपद्यांनी काय केले? पारतंत्र्यातल्या मुंबईत तुटपुंज्या साधनांनिशी यंत्राशी झुंजणारा मराठी माणूस खरे तर मोठा कादंबरीविषय आहे. चित्रपट त्याला गौरवायला जातो आणि नकळत त्याला पोथीचा निरोप्या करून टाकतो.

धाराशिवच्या वाचकाला हे समजायला दूर जायला नको. विजापूरच्या बुरुजावर आज असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही सुमारे ५५ टनांची तोफ एकेकाळी आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली गेली. १६३२ च्या सुमारास मुरारपंतांनी ती परंड्याहून विजापूरला नेली. तिचे तोंड हत्तीला जबड्यात धरलेल्या श्वापदाचे आहे. गूढकथेला याहून चांगला आरंभ कुठला? पण त्याच धातूवर ती ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नावही कोरलेले आहे.

उद्या आपल्या मातीतला कुणी नवा लेखक या तोफेवर पहिली कादंबरी लिहील. त्याने श्वापदाचा जबडा जरूर रंगवावा, भुते-मंत्रही आणावेत. मात्र एवढा धातू वितळवला कसा, साचा तडकू नये म्हणून काय केले, परंड्याहून ती ओढली कशी, हेही त्याला सांगता आले पाहिजे. भीती वाचकाला रात्रभर जागवते. त्या कोरलेल्या नावामागचा माणूस भेटला, तर ती कादंबरी त्याच्याजवळ कायमची राहते.