लंपन : कथा की कादंबरी?

प्रकाश नारायण संत यांची ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००४) ही चार पुस्तके कथासंग्रह म्हणून ओळखली जातात. आजी-आजोबांकडे वाढणारा लंपन हाच साऱ्यांचा निवेदक. तीच माणसे, बोलण्यात तोच बेळगावकडचा कानडी हेल. मग हिला चार खंडांची कादंबरी का म्हणू नये, असे सीमाभागातल्या वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे.

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर पृष्ठसंख्येत सापडणार नाही. कादंबरीतला प्रसंग बहुधा पुढच्या प्रसंगाची तयारी करतो. लंपनचा प्रसंग तिथल्या तिथे पुरा होतो, कारण मुलाला उद्याची जुळवाजुळव ठाऊक नसते. म्हणून आकृतिबंध कथेचाच. कादंबरी म्हटले असते, तर आपण पुढे काय होते याच्या घाईत हे थांबणे गमावले असते.

‘झुंबर’मध्ये मात्र वडिलांचा मृत्यू येतो आणि त्याची सावली मागच्या साऱ्या कथांवर पडते. कथा सुट्याच राहतात. कादंबरी वाचकाच्या मनात सांधली जाते.

साहित्यप्रकाराचे नाव वाचण्याची रीत सुचवते. लंपन आधी कथा-कथाने वाचावा. चारही पुस्तके संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून.