‘पाळण्यातील पाय’ : कुमार फुटबॉलपटूंच्या निवडीची भाषा आणि तिचे तर्कशास्त्र

१

म्हण ही लोकानुभवाचे सार असते, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु म्हण जसा अनुभव सांगते तसा तो कोणत्या दिशेने पाहावा हेही ठरवून देते, याकडे क्वचितच लक्ष जाते. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. फुटबॉलच्या क्षेत्रात तर तिला अक्षरशः अर्थ प्राप्त होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांतून पुढे राष्ट्रीय कुमार संघात कोण चमकेल हे ओळखावयाचे, म्हणजे पायांवरूनच भविष्य वर्तवावयाचे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील मैदानांवर ही म्हण पालकांच्या आणि मार्गदर्शकांच्या तोंडी सहज येते. तिच्या आधाराने मुलांना घेतले जाते, आणि तिच्याच आधाराने वगळलेही जाते. म्हणून तिच्यातील विधान नेमके काय आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या म्हणीतील ‘दिसणे’ हे क्रियापद विशेष अर्थपूर्ण आहे. मराठीत दिसण्याच्या क्रियेस पाहणारा लागतो, आणि तो चतुर्थीत येतो: ‘मला दिसते’, ‘आईला दिसते’. प्रस्तुत म्हणीत हा अनुभवकर्ता गाळलेला आहे. पाय दिसतात, पण कोणाला, कोठून आणि किती वेळ पाहिल्यावर, याचा उल्लेख नाही. कर्ता गाळल्यामुळे एका माणसाचे पाहणे वस्तुस्थितीचे रूप धारण करते. दुसरी गोष्ट काळाची. म्हणीतील क्रियापद रीतिवर्तमानात आहे, परंतु ती बहुधा उच्चारली जाते ती माणूस मोठा झाल्यावर. चरित्रकार मागे वळून पाहतो आणि पाळण्याकडे बोट दाखवितो. ज्यांचे पाय तितकेच सुंदर होते पण जे पुढे कोणीच झाले नाहीत, त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. तात्पर्य, रूपाने भाकीत असलेली ही म्हण वापराने उपसंहार आहे.

२

याउलट ‘होतकरू’ हा शब्द अधिक सावध आहे. ‘यात्रेकरू’, ‘भाडेकरू’, ‘वाटेकरू’ यांतील ‘-करू’ येथेही दिसतो. मात्र येथे तो ‘होत’ या अपूर्णतावाचक रूपाला लागलेला आहे. होतकरू म्हणजे जो अद्याप होत आहे तो. या शब्दात प्रक्रिया आहे, निकाल नाही. परंतु निवडसमित्यांच्या बोलण्यात त्याचा अर्थ हळूहळू पालटतो. ‘मुलगा होतकरू आहे’ याचा अर्थ ‘मुलगा तयार आहे’ असा होऊ लागतो, आणि जो तयार दिसत नाही तो होतकरू नाही असे ठरते.

हा अर्थपालट निरुपद्रवी नाही. ‘हा खेळतो’ हे निरीक्षण आहे; ‘हा खेळेल’ हे अनुमान आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी मधल्या काळात मुलाच्या शरीरात, शिक्षणात आणि परिस्थितीत काय घडेल याचा हिशेब हवा. तो मांडला नाही तर भविष्यकाळाचा प्रत्यय वर्तमानालाच चिकटतो, आणि आज जो उंच व वेगवान आहे तोच उद्याही सरस ठरेल असे गृहीत धरले जाते.

या गृहीताची परीक्षा अन्यत्र झालेली आहे. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा निवडलेल्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. वयोगटाची सीमा १ जानेवारी असल्याने जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलाहून जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे आयुष्याचा बारावा हिस्सा. हाच कल पुढे फुटबॉलच्या कुमार विश्वस्पर्धांतही दिसून आला. म्हणजे ज्याला ‘गुण’ म्हटले जाते त्यात कित्येकदा केवळ ‘आधी जन्मणे’ मिसळलेले असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जुन्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून अशी आढळते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती सोयीसाठी लिहिली. आजच्या नागरी मुलांचे जन्मदाखले अधिक विश्वसनीय आहेत हे खरे. तथापि कागदावरचे वय आणि शरीराचे वय यांतील अंतर जगभर जाणवत असल्यामुळेच १७ वर्षांखालील विश्वस्पर्धेत २००९ सालापासून मनगटाच्या हाडांची चुंबकीय तपासणी सुरू झाली. ही तपासणी वयाची लबाडी पकडते. पण वयाने योग्य असूनही उशिरा वाढणाऱ्या मुलाला ती न्याय देऊ शकत नाही.

३

या विवेचनास पडताळा म्हणून २०१७ सालचे उदाहरण घेता येईल. त्या वर्षी ६ ते २८ ऑक्टोबर या काळात १७ वर्षांखालील मुलांची विश्वस्पर्धा भारतात भरली, आणि तिचे काही सामने ठाणे जिल्ह्यातच, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात झाले. स्पेन आणि माली यांच्यातील उपान्त्य सामना तेथलाच. भारताचे सामने मात्र दिल्लीत झाले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे तीन पराभव पदरी आले.

भारताचा एकमेव गोल ९ ऑक्टोबर रोजी कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला मणिपूरच्या जीक्सन सिंगने केला. हा मुलगा आधीच्या निवडीत नव्हता. पुढे मिनर्वा पंजाब संघातर्फे खेळत असता, लुईस नॉर्टन द मातोस हे प्रशिक्षक झाल्यानंतर, तो उशिरा संघात आला. पहिली निवड हीच अखेरची मानली गेली असती तर फुटबॉलच्या विश्वस्पर्धेतील भारताचा पहिला गोल त्याच्या नावावर लागला नसता.

निवड चुकीचीच ठरली असे मात्र म्हणता येणार नाही. २५ मार्च २०२१ रोजी ओमानविरुद्ध भारताच्या ज्येष्ठ संघात एकाच सामन्यात दहा खेळाडूंनी पदार्पण केले. त्यांपैकी जीक्सन सिंग, सुरेश सिंग आणि लालेंगमाविया हे तिघे २०१७च्या संघातील होते. यावरून भाकीत खरे ठरले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु या एकवीस मुलांपैकी बहुतेकांना काही वर्षे परदेशदौरे, उत्तम प्रशिक्षण आणि एकत्र निवास लाभला. स्पर्धेनंतर त्यांतील बहुतेकांसाठी ‘इंडियन ॲरोज’ हा संघ पुन्हा उभारून आय-लीगमध्ये उतरविण्यात आला. ज्यांना हे लाभले नाही त्यांचे काय झाले असते, हे कळण्यास मार्ग नाही.

येथे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत मांडलेला भेद उपयोगी पडतो. काही वाक्ये वस्तुस्थिती सांगतात, तर काही वाक्ये उच्चारानेच एखादी गोष्ट घडवून आणतात. ‘हा पुढे जाईल’ हे निवडसमितीचे वाक्य वरवर पहिल्या प्रकारचे आहे. वस्तुतः ते दुसऱ्या प्रकारचे आहे. ते उच्चारताच मुलाला बूट, मैदान, प्रशिक्षक आणि सामने मिळतात, आणि म्हणून तो पुढे जातो. रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली आपणच आपल्याला खरे करणाऱ्या भाकिताची जी कल्पना मांडली, तिचे हे चोख उदाहरण होय. निवड भाकिताच्या व्याकरणात बोलते, पण तिचे कार्य आज्ञेचे असते. आज्ञेचे पालन झाले म्हणून ती द्रष्टेपणाची साक्ष ठरत नाही.

कुमार वयातील यश आणि प्रौढ वयातील यश यांतही भेद करावा लागतो. पहिल्याचे भाकीत तुलनेने सोपे आहे, कारण त्यात लवकर आलेली वाढ बरेच काम करून जाते. घानाचा नी लॅम्प्टे १९९१च्या कुमार विश्वस्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. प्रौढपणी त्याची कारकीर्द त्या उंचीला पोहोचली नाही. उलट आंत्वान ग्रीझमानला ठेंगणा म्हणून फ्रान्समधील क्लबांनी नाकारले, स्पेनमधील रेआल सोसिएदादने घेतले, आणि २०१८ साली तो विश्वविजेत्या फ्रेंच संघाचा आधारस्तंभ झाला.

४

आता म्हणीत गाळलेल्या अनुभवकर्त्याकडे पुन्हा वळावे लागते. २०११च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख ४७ हजार. म्हणजे दोहोंची मिळून ३० लाख ८८ हजार. संपूर्ण मणिपूर राज्याची लोकसंख्या त्या वेळी सुमारे २८ लाख ५६ हजार होती. २०१७च्या एकवीस जणांच्या संघात मणिपूरचे आठ खेळाडू होते. महाराष्ट्राच्या मातीतला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली येथील एकही नव्हता. या तीस लाखांत पाय नव्हते असे कोणी म्हणणार नाही. मणिपुरात गावोगाव फुटबॉल खेळला जातो, आणि कोल्हापुरात पेठापेठांच्या तालीम मंडळांनी तो जोपासला. तेथे पाहणारे डोळे पाळण्याजवळच असतात. ठाण्यापलीकडील मुलाच्या बाबतीत ते डोळे दूर आहेत. मुंबईच्या फुटबॉलचे जुने केंद्र कूपरेज हे दक्षिण टोकाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. सकाळच्या गर्दीच्या लोकलमधून तेरा वर्षांच्या मुलाला चाचणीसाठी घेऊन जाणे ज्या घराला परवडते, त्याच घरातले पाय ‘दिसतात’.

घरापासच्या मैदानांचीही तीच गत. ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह आहे, डोंबिवलीत सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल आहे. पण लाखोंच्या वस्तीला ही मोजकी ठिकाणे पुरणार कशी? १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम झाला, तो उत्साहवर्धक होता. तथापि एका दिवसाचा खेळ हा उत्सव असतो. निरीक्षणाला ऋतू लागतात.

५

भाकीत अशक्य आहे म्हणून निवडच करू नये, असा या विवेचनाचा अर्थ नाही. संघात अकराच जण उतरतात. कोणाला तरी घ्यावे आणि कोणाला तरी थांबवावे लागणारच. प्रश्न आहे तो निवडीच्या वाक्यरचनेचा. ‘याच्यात गुण आहे’ या कालहीन विधानाऐवजी ‘आज, या मैदानावर, या पाहणाऱ्याला, याच्यात अमुक दिसले’ असे लिहिले गेले, तर ते पुढे तपासता येते. त्यासोबत मुलाचा जन्ममहिना आणि वाढीची अवस्था नोंदली, वगळलेल्यांचीही वही ठेवली आणि पंधराव्या व सतराव्या वर्षी त्यांना पुन्हा पाहिले, तर अनुमानाला हळूहळू शास्त्राची योग्यता येईल. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी मुख्य कुमार संघांच्या जोडीला वेगळे संघ चालविले आहेत, ते याच जाणिवेतून. दोन महानगरपालिकांच्या शाळांना आणि क्रीडासंकुलांना अशी वही ठेवण्यास मोठा खर्च येणार नाही.

कारण यात पणाला लागते ते एखाद्या स्पर्धेतील यश नव्हे. डिसेंबरात जन्मलेल्या डोंबिवलीच्या एखाद्या मुलाला तेराव्या वर्षी ‘तुझ्यात नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा वस्तुतः ‘आज नाही’ एवढेच पाहिलेले असते. कालवाचक शब्दाच्या जागी अधिकरणवाचक शब्द येतो, आणि वेळेची उणीव व्यक्तीची उणीव ठरते. मुलगा ते वाक्य खरे मानतो, मैदान सोडतो, आणि त्याच्या सोडण्याने ते खरे होते. भाषेतील हा एवढासा बदल निवडणाऱ्यांनी टाळला तरी पाळण्यातील पुष्कळशा पायांना चालावयास अवधी मिळेल.