प्रदर्शन ‘व’ संमेलन : पिंपरीला कोणते सभागृह हवे?

आमच्या अभ्यासमंडळाचे वार्षिक चर्चासत्र गेली काही वर्षे पितृपक्षात होते. त्यामागे कसलाही पुरोगामी बाणा नाही. पंचांगात लग्नाचा मुहूर्त नसला की मंगल कार्यालयाचा मालक निम्म्याहून कमी पैशांत दालन देतो, एवढेच. चातुर्मासातही जमते, पण आषाढ-श्रावणात पाऊस आणि भाद्रपदाच्या सुरुवातीला गणपती, म्हणून उरतो तो पितृपक्ष. कामगारांनी लिहिलेल्या आत्मकथनांवर, डायऱ्यांवर, युनियनच्या जुन्या पत्रकांवर साठ-सत्तर माणसे दिवसभर बोलतात, तेव्हा मागे नवरा-नवरीच्या खुर्च्यांचे मखमली सिंहासन असते. आता सवय झाली आहे.

त्याआधी आम्ही एका सार्वजनिक सभागृहाकडे गेलो होतो. नाव लिहीत नाही. तिथले एका दिवसाचे भाडे, अनामत आणि ध्वनियंत्रणेचे वेगळे पैसे धरले तर आमची वर्षाची वर्गणी संपत होती. तरी एकदा भरले. आदल्या संध्याकाळी निरोप आला, की उद्या ‘वरचा’ कार्यक्रम आहे, तुमची तारीख पुढे ढकलली आहे. अनामत परत मिळायला सात महिने लागले. माझे औपचारिक शिक्षण आयटीआयपर्यंतचे. पुढचे सगळे वाचनालयांत आणि रद्दीच्या दुकानांत झाले. त्यामुळे एखाद्या गोष्टीचा राग आला की तिच्यावर कागद गोळा करायचे, ही माझी जुनी खोड आहे. हा लेख त्यातून आला.

पिंपरी-चिंचवडमध्ये ‘कन्व्हेन्शन सेंटर’ हा शब्द आता नवा नाही. मोशीला, पुणे-नाशिक रस्त्यालगत, दोनशे एकरांहून अधिक जागेवर आंतरराष्ट्रीय प्रदर्शन व संमेलन केंद्राची कल्पना पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने मांडली, त्याला बराच काळ लोटला. दरवर्षी डिसेंबरात ‘किसान’ हे कृषिप्रदर्शन तिथे भरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारचे संरक्षण-सामग्रीचे प्रदर्शन तिथेच झाले. दोन्ही वेळी मुख्य कारभार तात्पुरत्या मांडवांखालीच होता. म्हणजे केंद्राचे नाव आधी आले आणि छप्पर अजून वाटेत आहे.

मला त्या छपराशी भांडायचे नाही. माझे भांडण आहे ते नावातल्या ‘व’ या अक्षराशी. प्रदर्शन आणि संमेलन या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांना लागणाऱ्या इमारतीही वेगळ्या. प्रदर्शनाला ट्रेलर थेट आत येतील असा दरवाजा लागतो, यंत्राचे वजन पेलणारी फरशी लागते, भरपूर वीज लागते, गाड्या उभ्या करायला माळ लागतो. चाकणला लागून, महामार्गावर, गावाच्या कडेला मोशी यासाठी योग्यच आहे. ट्रॅक्टर आणि तोफा भर वस्तीत आणायच्या नसतात. संमेलनाचे तसे नाही. त्याला माणसे लागतात. ती कामावरून सुटून येतात, संध्याकाळी साडेनवाला उठतात आणि शेवटची बस किंवा मेट्रो पकडतात. त्यांना पाचशे खुर्च्यांचे एक दालन, पन्नास-पन्नास माणसांच्या चार-पाच खोल्या, एक सपाट जमिनीची जेवणाची जागा आणि पुस्तके मांडायला ओसरी एवढे पुरते. या माणसांना पिंपरी चौकातून आठ-दहा किलोमीटरवर मोशीला बोलावणे म्हणजे ‘येऊ नका’ असे सभ्य भाषेत सांगणे. ‘व’ या अक्षराने दुसरी गरज पहिलीच्या पोटात टाकली, आणि शहराला वाटू लागले की संमेलनाच्या जागेचा प्रश्न सुटला.

तो सुटलेला नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा साहित्याच्या वाचकांना पाठ असेल. १५ ते १८ जानेवारी २०१६ या दिवसांत ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याकडे झाले. अध्यक्ष श्रीपाल सबनीस. त्या संमेलनाभोवतीचे वाद आजही आठवतात. जागा मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही. ती होती हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘एचए’चे मैदान. १९५४ साली स्थापन झालेला हा सार्वजनिक क्षेत्रातला औषध कारखाना. ‘हॅमायसिन’ या इथे सापडलेल्या प्रतिजैविकाच्या नावातली पहिली अक्षरेही त्याचीच. त्या मैदानावर चार दिवसांची नगरी उभी राहिली आणि पाचव्या दिवशी बांबू सुटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएसह काही आजारी सरकारी औषध कंपन्यांची देणी भागवण्यासाठी त्यांच्या अतिरिक्त जमिनी विकण्याचा निर्णय घेतला. शहराच्या मध्यावर जिथे मराठी साहित्य जमले होते, ती जमीन अकरा महिन्यांत ‘अतिरिक्त’ ठरली. शंभरावे नाट्य संमेलन जानेवारी २०२४ मध्ये इथे झाले, तेव्हा मुख्य मांडव चिंचवडच्या मोरया गोसावी क्रीडा संकुलात होता. नाटकाचे संमेलन, आणि जागा खेळाची.

यावर मला हमखास मिळणारे उत्तर असे : ‘अहो, आपल्याकडे पाच-पाच नाट्यगृहे आहेत.’ आहेतच. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे, भोसरीचे अंकुशराव लांडगे, पिंपळे गुरवचे निळू फुले, प्राधिकरणातले ग. दि. माडगूळकर. शहराच्या मानाने ही संख्या वाईट नाही. पण नाट्यगृह ही एका दिशेला तोंड केलेली इमारत असते. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, जमीन उतरती, सगळे डोळे रंगमंचाकडे. तिथे भाषण ऐकता येते; एकमेकांकडे तोंड करून वाद घालता येत नाही. समांतर परिसंवाद घेता येत नाहीत, जेवायला पंगत बसत नाही. दिवसभराचे चर्चासत्र घ्यायचे तर नाट्यप्रयोगाच्या वेळांमध्ये ते चिरावे लागते. नाट्यगृहे नाटकालाच द्यावीत, हे नाटकवाल्यांचे म्हणणे मला पटते.

आता इतिहासाकडे वळतो, कारण सभेच्या जागेचा प्रश्न मराठी सार्वजनिक जीवनाइतकाच जुना आहे. मे १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले ते पुण्याच्या हिराबागेत. आजच्या साहित्य संमेलनाची परंपरा आपण तिथून मोजतो. गावातली, सर्वांना ठाऊक असलेली जागा. पुढे सतरा वर्षांनी त्याच रानड्यांना त्याच पुण्यात जागेचा दुसरा धडा मिळाला. डिसेंबर १८९५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात होते. अधिवेशन उरकले की त्याच मांडवात सामाजिक परिषद भरायची, असा तोवरचा प्रघात. पुण्यातल्या विरोधकांनी हरकत घेतली : काँग्रेसच्या मांडवात सुधारकांची परिषद नको. वाद इतका चिघळला, की रानड्यांनी मांडवाचा आग्रह सोडला आणि परिषद वेगळ्या जागी भरवली. हा प्रसंग राजकीय इतिहासात टिळक आणि सुधारक यांच्या संघर्षाचा म्हणून सांगितला जातो, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र तो सभागृहाच्या इतिहासातला म्हणूनही वाचतो. मांडव तयार होता, भाडे हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो कोण देणार आणि कोणाला, हा. स्वस्त सभागृहाची मागणी करताना आपण भाड्याचा आकडा धरून बसतो आणि तारखांची वही कोणाच्या हातात आहे हे विसरतो. ‘वरचा’ कार्यक्रम १८९५ मध्येही होता.

आपल्या शहराची अडचण आणखी खोल आहे. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाखांवर गेली. कारखाने एका ओळीत महामार्गालगत बसले, वस्ती त्यांच्या मागे पसरली, आणि ‘गावात जाऊन येतो’ म्हणताना दाखवता येईल असे गाव मधोमध उरलेच नाही. १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांनी गाजलेले उपोषण केले ते शनिवारवाड्यासमोर, पुण्यात. त्याची राजकीय कारणे होती हे मान्य. पण पिंपरीत शनिवारवाडा नव्हता हेही खरे. ज्या शहराने आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून स्वतःची पाठ इतक्या वेळा थोपटून घेतली, त्या शहरातल्या माणसाला जमायचे झाले की तो अजूनही नकळत नदीपलीकडे बघतो.

याच्या उलट कोल्हापूर पाहावे. आकाराने आपल्याहून कितीतरी लहान. शाहू महाराजांनी शहराच्या मध्यावर खासबागेचे कुस्तीमैदान बांधले आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. मल्ल आणि नट शेजारी. शंभर वर्षे ही जोडी टिकली, कारण तिथे पायी जाता येत होते. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री नाट्यगृह जळाले तेव्हा शहर रस्त्यावर उभे राहून रडले. आपल्याकडची कुठली सार्वजनिक इमारत जळली तर लोक रडतील, असा प्रश्न मी तेव्हा मित्रांना विचारला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने एसटी स्टँडचे नाव घेतले.

मोठ्या केंद्राच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा पैशाचा आहे. बाहेरून प्रतिनिधी येतील, हॉटेले भरतील, टॅक्सीवाले कमावतील. हा मुद्दा अमेरिकेतल्या मध्यम शहरांनी आपल्या फार आधी मांडला आणि करदात्यांच्या पैशाने तपासूनही पाहिला. हेवूड सँडर्स या अभ्यासकाने आयुष्यातली बरीच वर्षे त्या हिशेबांच्या मागे घालवली. २००५ सालच्या त्याच्या निबंधानुसार १९९० नंतर तिथली प्रदर्शन-दालनांची जागा निम्म्याहून अधिक वाढली आणि सार्वजनिक खर्च वर्षाला २४० कोटी डॉलरवर गेला. येणारी माणसे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. मग रिकामी दालने भरण्यासाठी शहरे एकमेकांविरुद्ध भाडे कमी करू लागली. २०१४च्या पुस्तकात त्याने सल्लागारांचे आशावादी अंदाज आणि नंतरचे प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवून दाखवले आहेत. अमेरिकेचे सगळे इथे लागू होते असे नाही. आपली बाजारपेठ वाढती आहे आणि चाकणचे उद्योग खरेच प्रदर्शन भरवतात. पण दिल्लीला २०२३च्या एकाच वर्षात भारत मंडपम आणि यशोभूमी उभी राहिली, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जिओचे केंद्र त्याआधीच सुरू झाले. आंतरराष्ट्रीय परिषदेचा आयोजक या जागा सोडून मोशीला कशासाठी येईल, याचे उत्तर ‘स्वस्तात मिळेल म्हणून’ असे असेल, तर ती सवलत कोणाला चालली आहे हे विचारायला हवे. परदेशी कंपनीच्या विक्री-परिषदेला सवलत आणि कामगार साहित्याच्या चर्चासत्राला पूर्ण भाडे, असा उलटा न्याय होऊ शकतो.

मोशीच्या जमिनीचा एक जुना हिशेबही बाकी आहे. प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले ते औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे देण्यासाठी. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, आणि साडेबारा टक्के परताव्यासाठी त्यांच्या पुढच्या पिढीनेही हेलपाटे घातले. २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले. कामगारांच्या नावाने घेतलेल्या जमिनीवर ‘आंतरराष्ट्रीय’ केंद्र होत असेल, तर त्याच्या उत्पन्नातला काही वाटा कामगाराला बसता येईल अशा सभागृहाला द्यावा, ही मागणी मला दयेची वाटत नाही. ती वसुली आहे.

जागा कुठे? मी संत तुकारामनगरच्या आसपास बोट ठेवतो. मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, आता ती महापालिकेच्या स्थानकापासून थेट स्वारगेटपर्यंत जाते. एसटी आगार जवळ, अत्रे रंगमंदिर जवळ, एचएची जमीनही. त्या जमिनीचा एक कोपरा विकण्याऐवजी राखता आला तर दुधात साखर. ‘एवढी महाग जमीन सभेला?’ असे कोणी म्हणेल. वाचनालयाच्या जमिनीबद्दलही हेच म्हणता येते. आणि सभागृह तोट्यात चालेल, हेही मी मान्य करतो. फक्त तो तोटा दरवर्षी अंदाजपत्रकात एका ओळीत उघड लिहावा. मोठ्या केंद्रांचा तोटा कर्जफेड, रस्तेबांधणी आणि सुशोभीकरण अशा चार लेखाशीर्षांत विखुरतो, तसे होऊ नये.

माझ्या स्वतःच्या मागणीतले एक भोक मला दिसते आणि ते बुजवता आलेले नाही. सभागृह स्वस्त झाले की पहिल्या तीन महिन्यांत नेत्यांचे वाढदिवस आणि सत्कारसोहळे त्याच्या सगळ्या रविवारच्या तारखा घेतील. यावर तारखांची सोडत काढावी, नोंदवही भिंतीवर लावावी, दिलेली तारीख रद्द केली तर दुप्पट भरपाई द्यावी, असे नियम मी एका अर्जात लिहून दिले. तो अर्ज आवकजावक क्रमांकासह माझ्याकडे आहे. पण नियम मोडणारा आणि राबवणारा एकाच मजल्यावर बसत असेल तर काय, हे रानड्यांनाही सुटले नव्हते.

या वर्षीही आम्ही पितृपक्षातच जमलो. विषय होता कारखान्यांतली भित्तिपत्रके. सकाळी दालन उघडायला आलेल्या व्यवस्थापकाने नेहमीप्रमाणे वही काढली आणि विचारले, ‘कोणाकडचं कार्य?’ मी म्हटले, कार्य नाही, चर्चासत्र आहे. त्याने क्षणभर विचार केला, ‘इतर’ या रकान्यात खूण केली आणि म्हणाला, ‘बरं. पानं किती धरू?’