भुकेचा गुन्हा आणि थंड मुलूख

एस्टोनियन साहित्यात सामाजिक वास्तववादाची सुरुवात एदुआर्द विल्दे (१८६५-१९३३) यांच्या 'क्युल्माले माले' या कादंबरीपासून मानली जाते. १८९६ साली आलेल्या या कादंबरीच्या नावाचा अर्थ 'थंड मुलखाकडे'. हा थंड मुलूख म्हणजे सैबेरिया, झारच्या राज्यातील हद्दपारीची जागा.

नायक यान हा झोपडीत राहणाऱ्या गरीब कुटुंबातला सरळमार्गी तरुण. उत्तर एस्टोनियातली भूदास पद्धत १८१६ साली कायद्याने संपली. माणूस मोकळा झाला, जमीन मात्र जर्मन जमीनदारांकडेच राहिली. पुढे ज्यांना शेत विकत घेता आले ते मालक झाले. बाकीचे त्यांच्याच दारी मजुरीला उभे राहिले. यान या बाकीच्यांपैकी. भूक त्याला चोरीपर्यंत नेते, कारेल नावाचा सराईत चोर त्याला आणखी खोल ओढतो आणि शेवटी त्याच्या वाट्याला सैबेरिया येतो.

विल्दे १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये होते. तेथे त्यांचा समाजवादी विचारांशी आणि निसर्गवादी साहित्याशी परिचय झाला. तरीही यान हा विचार सांगण्यापुरता उभा केलेला बाहुला नाही. त्याचे मन त्याला खाते. गरिबी आहे म्हणून चोरी माफ, असे तो स्वतःही मानत नाही. या कादंबरीचे बळ आम्हांला इथेच दिसते.

कारेलचे चित्रण मात्र आम्हांला खटकते. तो इतका पक्का खलपुरुष आहे, की यान वाईट संगतीने बिघडला असे म्हणून वाचक सुटू शकतो. व्यवस्थेवर रोखलेले बोट इथे थोडे ढळते.

ही उणीव आन्नी भरून काढते. सधन शेतकऱ्याची ही मुलगी यानबरोबर सैबेरियाला निघते. काहींना हा शेवट भाबडा वाटेल. आम्ही त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. न्यायालयाने यानला समाजातून काढून टाकले आहे; आन्नी, ज्यांच्याकडे सारे काही आहे त्या घरातली, तो निवाडा नाकारते. चोरी झाली हे तिला मान्य आहे. गुन्हेगार एवढीच यानची ओळख, हे तिला मान्य नाही.

न्यायालय चोरी कोणी केली हे विचारते. प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहणे कोणी अशक्य केले, हा प्रश्न मात्र विल्दे यांना विचारावा लागला. गरिबाच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का जिथे जिथे चटकन बसतो, तिथे तो आजही विचारावा लागतो.