नागाची बहीण बोलते : अरुण कोलटकरांची इंग्रजी कविता

श्रावण शुद्ध चतुर्थीला आमच्याकडच्या बायका भावाचा उपवास धरतात आणि दुसऱ्या दिवशी नागाला भाऊ मानून पुजतात. पंचमीला घरात विळी-सुरी चालत नाही, चुलीवर तवा चढत नाही, रानात नांगर जुंपत नाहीत. पुरणाची दिंडे उकडतात. बत्तीस शिराळ्यात तर जिवंत नाग घरोघर पूजेला येत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतरचे उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या रीतीला आळा बसला, पण नाते तुटले नाही. म्हणूनच अरुण कोलटकरांचे ‘सर्प सत्र’ हे काव्य आमच्याकडे वाचणे मुंबईत वाचण्याहून वेगळे आहे. आमच्याकडे बहीण माणसाची आणि भाऊ नाग. त्या काव्यात बोलणारी जरत्कारू ही वासुकीची बहीण, स्वतः नागकुळातली. आपले कुळ यज्ञाच्या आगीत जळताना तिला काय वाटले असेल, हे आम्ही इतकी वर्षे पूजा करून कधी विचारले नव्हते.

कोलटकर १९३२ साली कोल्हापुरात जन्मले, राजाराम हायस्कुलात शिकले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून जाहिरात क्षेत्रात नावाजले आणि २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात वारले. हयातीत त्यांची इंग्रजी कवितेची पुस्तके तीनच आली : ‘जेजुरी’ (१९७६), ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) आणि ‘सर्प सत्र’ (२००४). मृत्यूनंतर २००९ साली ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ आले आणि २०१० साली इंग्लंडच्या ब्लडॅक्स बुक्सने समग्र इंग्रजी कविता काढली. दोन्हींचे संपादन अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांचे. पुस्तके मोजकी, पण त्यांच्यातून एक चढती वाट जाते, आणि आपली समीक्षा तिच्या पहिल्याच टप्प्यावर मुक्काम ठोकून बसली आहे, असे मला वाटते. दुर्लक्षितांकडे पाहण्यापासून त्यांना बोलू देण्यापर्यंत जाणारी ही वाट आहे.

पहिला टप्पा ‘जेजुरी’. आदिल जस्सावाला, मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघांनी आपली पुस्तके आपणच काढण्यासाठी ‘क्लिअरिंग हाउस’ उभे केले, त्यातले हे पुस्तक. १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. पहाटेच्या एस.टी.तून मनोहर नावाचा माणूस खंडोबाच्या गावी उतरतो आणि दिवस मावळता रेल्वे स्टेशनवर येतो, एवढाच ३१ कवितांचा प्रवास. मूर्तीपुढे त्याचे हात जुळत नाहीत. पण पडक्या देवळात व्यालेली कुत्री, निखळलेले दार, टेकडीवरचे फुलपाखरू आणि देवळाच्या भिंतीबाहेर ठेवलेला, हातपाय नसलेला यशवंतराव यांच्यापाशी तो रेंगाळतो. खोबरे-भंडाऱ्याच्या गर्दीत ज्याला कोणी देव म्हणत नाही, त्याच्यापाशी त्याची नजर मऊ होते.

यावर सर्वांत कडक हरकत भालचंद्र नेमाड्यांची. कोलटकर सुट्टीला आलेल्या मुंबईकर पर्यटकासारखे जेजुरीला जाऊन येतात, असे त्यांचे म्हणणे. ही हरकत झटकून टाकण्याजोगी नाही. मनोहर परका आहे. वाघ्या-मुरळीची गाणी पुस्तकात आहेत, तरी जेजुरीचा सामान्य भाविक तिथे बाहेरूनच दिसतो. मात्र हे परकेपण कवीला ठाऊक होते, याचा पुरावा म्हातारीच्या कवितेत आहे. चिल्लरीसाठी मागे लागलेल्या त्या बाईकडे बघता बघता बघणाऱ्याचीच किंमत उतरते. नेमाड्यांच्या प्रश्नाचे पुरे उत्तर मात्र ‘जेजुरी’त मिळत नाही. ते पुढच्या पुस्तकांत आहे, आणि तिथपर्यंत आपले वाद पोहोचलेच नाहीत.

मधे २८ वर्षे गेली. या काळात कोलटकर गप्प बसले असा समज इंग्रजी वाचकांत पसरला, कारण ते मराठी वाचत नव्हते. १९७७ साली अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढले होते. पुढे ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ आणि ‘भिजकी वही’ ही पुस्तके पाठोपाठ आली. ‘भिजकी वही’ला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात ईसिस, कॅसँड्रा, हिपाटिया, राबिया अशा देशोदेशींच्या बायकांचे दुःख एका वहीत भिजले आहे. ज्याने ती वाचली, त्याला ‘सर्प सत्र’मध्ये बाईच का बोलते, हे वेगळे सांगावे लागत नाही. तुकाराम, जनाबाई, नामदेव यांना इंग्रजीत नेणारा हा कवी दोन भाषांत एकच संसार करत होता. आपण मात्र त्याचे वाटेहिस्से केले.

‘काळा घोडा पोएम्स’ हा दुसरा टप्पा. वेसाइड इन या हॉटेलच्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिलेला मुंबईचा काळा घोडा चौक इथे आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलवला गेला होता. रिकाम्या झालेल्या त्या जागी कोलटकरांनी भटका कुत्रा बसवला आणि त्याला ‘मी’ म्हणू दिले. त्याच्या अंगावरच्या डागांत मुंबईचा नकाशा दिसतो. कचरा गोळा करणारी बाई, इडलीवाली, फुटपाथवर न्हाणारी पोरे यांची सकाळ इतक्या बारकाईने मांडली आहे की वाचक चौकात उभाच राहतो. सकाळच्या नाश्त्यावरची दीर्घ कविता काही ठिकाणी याद्यांनी जड होते, हेही म्हटले पाहिजे. पण जेजुरीत जे नुसते दिसत होते, ते इथे बोलू लागले आहे.

तिसरा टप्पा ‘सर्प सत्र’. महाभारताच्या आदिपर्वातली कथा आपल्याला माहीत असते ती जनमेजयाच्या बाजूने : परीक्षिताला तक्षकाने मारले, म्हणून मुलाने नागांचा यज्ञ मांडला. कोलटकर धागा मागे ओढतात. जरत्कारू मुलाला, आस्तिकाला, खांडववनाची आठवण करून देते. अर्जुन-कृष्णांनी ते वन पेटवले तेव्हा तक्षकाची बायको पोराला वाचवताना मारली गेली. झाडे, पाखरे, औषधी, रानात राहणारी माणसे, सारे त्या आगीत गेले. सूडामागे सूड, आणि प्रत्येक सूडाला पोथीचा आधार. ज्या यज्ञात हे जीव जळत होते, त्याच मंडपात वैशंपायन जनमेजयाला महाभारत सांगत होते. आपले सर्वांत मोठे काव्य कोणाच्या चितेशेजारी सांगितले गेले, हे ही बाई आपल्याला विसरू देत नाही.

काव्यात उणे आहे. जरत्कारूचे बोलणे मधूनच आजच्या राजकारणाकडे इतके सरळ बोट दाखवते की तिचा स्वतःचा आवाज बारीक होतो. तरीही कोलटकरांच्या इंग्रजी कवितेचा कळस मला इथेच दिसतो. ज्याला जाळायचे ठरले आहे, त्याच्या घरातून इथे गोष्ट सांगितली जाते, आणि सांगणारी सूड मागत नाही. कुणीतरी थांबले पाहिजे, एवढेच ती पोराला सांगते.

आज ‘जेजुरी’ विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहे, २००५ साली ती न्यूयॉर्कमध्येही नव्याने छापली गेली. तिच्यावर लेख निघतात. ‘सर्प सत्र’ मात्र बहुधा तळटीपेत. इंग्रजीचे प्राध्यापक ‘भिजकी वही’ उघडत नाहीत, मराठीचे ‘सर्प सत्र’ला परक्या वर्गातले मानतात. दोन्ही वर्गांची भिंत पाडून ही दोन पुस्तके एका टेबलावर ठेवली, तर कोलटकर पुरे दिसतील.

आमच्याकडे सापाचे भय वाटले की जुनी माणसे आस्तिकाचे नाव घेतात. साप त्या नावाला मान देतात, कारण यज्ञ थांबवून त्यानेच त्यांचे कुळ वाचवले, असे सांगतात. आस्तिकाला यज्ञमंडपात पाठवणाऱ्या आईचे नाव मी कोणाच्या तोंडी ऐकले नव्हते. आता पंचमीला दिंडे उकडताना ते मी घरात सांगतो.