वीस जणांच्या वर्गातल्या सहा जणी

वर्ध्याला बहिणीकडे गेलो की नववीतली भाची वही पुढं करते. गणिताच्या वहीची मागची पानं सध्या एकाच चेहऱ्यानं भरली आहेत : गोल गाल, मानेपर्यंतचे केस, आणि बोटांच्या टोकांवर छोट्या गाद्या. ही ओचाको उराराका. बोटं टेकवली की कुठल्याही वस्तूचं वजन नाहीसं करणारी, 'माय हिरो अकॅडेमिया' या जपानी मांगातली, म्हणजे कॉमिक्समधली, मुलगी. भाचीनं मालिका मोबाइलवर, इंग्रजीत, शेवटापर्यंत वाचली आणि मला विचारलं, "मामा, हिनं आपलं मन काहून दाबून ठेवलं?"

प्रश्न पोरीचा आहे, पण शोनेन मांगा या अख्ख्या कलाप्रकाराला लागू पडणारा आहे.

'शोनेन' म्हणजे किशोर, मुलगा. जपानमध्ये मांगाची मासिकं-साप्ताहिकं वाचकाचं वय आणि लिंग धरून निघतात. मुलांसाठी शोनेन, मुलींसाठी शोजो. या वाटणीची आपल्याला तोंडओळखही नव्हती तेव्हा, १९९३ साली, दूरदर्शनवर रविवारी सकाळी आपण 'जंगल बुक' बघत होतो. त्या जपानी मालिकेच्या मूळ नावातच 'शोनेन मोगली' होतं. आज शोनेनचा सगळ्यात मोठा बाजार 'शोनेन जंप' या साप्ताहिकाचा. १९६८ साली सुरू झालेल्या या साप्ताहिकाचा खप नव्वदीच्या दशकाच्या मध्याला पासष्ट लाख प्रतींवर गेला होता. मैत्री, परिश्रम आणि विजय हे त्याचं ब्रीद. प्रेम त्यात नाही.

कोहेई होरिकोशी यांची 'माय हिरो अकॅडेमिया' याच साप्ताहिकात जुलै २०१४ ते ऑगस्ट २०२४ अशी दहा वर्षं चालली, प्रकरणं ४३०. जवळपास प्रत्येक माणूस काही ना काही अचाट शक्ती घेऊन जन्मतो अशा जगात, शक्तीविना जन्मलेला इझुकु मिदोरिया ऊर्फ डेकू सुपरहिरो घडवणाऱ्या शाळेत दाखल होतो. त्याच्या वर्गात वीस जण, मुली सहा. त्याला मिळणारी शक्ती पिढ्यान्‌पिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे सोपवत आलेली; धारक नऊ, त्यांत बाई एक. ती बाई, नाना शिमुरा, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून पोटचा मुलगा दुसऱ्यांच्या हवाली करते, आणि पुढं त्याच मुलाचा मुलगा कथेतला मोठा खलनायक होतो. पुरुष धारकांपैकी कुणाच्याही वीरतेचं बिल घरातल्या लेकरांनी असं चुकवलेलं नाही.

पण या मांगाला नुसतं झोडपून चालणार नाही. शोनेनमध्ये मुलीचं पात्र किती उंच जाऊ शकतं तेही इथंच दिसतं, आणि ते नेमकं कुठं अडतं तेही.

उराराका हिरो का व्हायला निघाली? पैशासाठी. आईवडिलांची बांधकामाची छोटी कंपनी, कामं मिळेनाशी झालेली. वजन नाहीसं करणारी पोरगी बांधकामावर किती कामाची! ती तसं म्हणतेही, पण बाप म्हणतो, तू तुझं स्वप्न बघ. पैशाचं कारण सांगताना ती लाजते, कारण सोबतची मुलं मोठ्या आदर्शांच्या गोष्टी करत असतात. कापसाच्या भावावर घरची वर्षाची गणितं मांडणाऱ्या जिल्ह्यात हे कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. स्वतःची गरज, स्वतःचं घर, स्वतःचा हिशेब : पात्र उभं राहायला एवढं पुरतं.

मग येतो शाळेचा क्रीडामहोत्सव. समोर बाकुगो, हातातून स्फोट करणारा, वर्गातला सगळ्यात तापट मुलगा. तो तिला एकामागून एक स्फोटांनी लोळवतो, ती पुन्हा पुन्हा खाली वाकून त्याच्यावर धावते. प्रेक्षकांतले हिरो आरडाओरडा करतात : मुलीला असं मारतात का? त्यांचे कान वर्गशिक्षक ऐझावा उपटतात. बाकुगो हात राखून लढत नाही, कारण समोरचीची ताकद त्यानं ओळखलीय. आणि खरोखरच, ती खाली वाकून लढत होती ती स्फोटांचा मारा जमिनीवर राहावा, फुटलेले दगड हळूच वर चढवता यावेत म्हणून. प्रेक्षकांना पोर मार खाताना दिसत होती, तेव्हा डोक्यावर दगडांचं आभाळ जमत होतं. बाकुगो एका स्फोटात ते उडवून लावतो, ती हरते. बाहेर येऊन हसते, आणि मग एकटी असताना वडिलांचा फोन आल्यावर रडते. इथं होरिकोशींनी प्रेक्षकांची नजर, म्हणजे आपली नजर, आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. मुलीवर दया दाखवणं हाही तिला कमी लेखण्याचाच प्रकार.

यानंतर तिची गोष्ट वाकते. आपण डेकूच्या प्रेमात आहोत हे तिच्या लक्षात येतं, आणि त्याची धडपड पाहून ती ठरवते : हे मनातलं बाजूला ठेवायचं, आधी हिरो व्हायचं. निर्णय तिचाच, मान्य. पण तोवर तिचं कथानक घरच्या गरजेभोवती, स्वतःच्या ताकदीभोवती फिरत होतं; आता ते 'सांगू की नको' भोवती फिरू लागतं, आणि बांधकामाची कंपनी हळूहळू मागं पडते. शोनेनमधल्या प्रेमाची खरी अडचण ही आहे. प्रेम फार असतं किंवा कमी असतं हा वाद फसवा. मुलीला जे हवं होतं ते सगळं काढून त्या जागी एक मुलगा बसवला जातो, आणि मग त्याच्याजवळ पोचायलाही मनाई होते. म्हणजे जुनं गेलं, नवं मिळालं नाही.

इतर मुलींची तऱ्हा वेगळी. मोमो याओयोरोझु ही वर्गातली हुशार मुलगी शरीरातून वस्तू निर्माण करते. त्यासाठी त्वचा उघडी हवी, असं कारण देऊन पंधरा वर्षांच्या मुलीला अपुरे कपडे घातले जातात. शक्तीचा नियम लेखकानंच ठरवलेला असताना नियमाकडे बोट दाखवणं म्हणजे हात झटकणं. उलट मिरुको ही सशाची ताकद असलेली हिरो हात-पाय गमावूनही लढत राहते, कुणाच्या प्रेमात पडत नाही, झकास वाटते. मात्र पहिल्या पानावर जशी होती तशीच ती शेवटपर्यंत राहते. ताकद मिळाली, वाढ नाही मिळाली.

मग याच मांगातलं सगळ्यात खोल प्रेमप्रकरण कुठं सापडतं? उराराका आणि हिमिको तोगा यांच्यात. तोगा खलनायकांच्या टोळीतली. ज्याचं रक्त पिते त्याचं रूप घेते. जे आवडलं तेच होऊन जायचं, ही तिची प्रेमाची रीत. आईबापांनी तिला लहानपणापासून 'नीट वाग' म्हणत दाबलं. एकीनं मन दाबलं कर्तव्यापायी, दुसरीचं दाबलं घरच्यांनी. शेवटच्या युद्धात उराराका जखमी अंगानं तिचा पाठलाग करते ते हरवण्यासाठी नव्हे. तुझं हसणं मला आवडलं, आपण बोलूया, एवढं सांगण्यासाठी. शेवटी तोगा उराराकाचं रूप घेऊन आपलं रक्त तिला देते आणि मरते. आयुष्यभर रक्त घेणारी मुलगी जाताना रक्त देते. डेकूचं नाव दोघींच्या बोलण्यात आहे, पण प्रसंगाचा मालक तो नाही. प्रेम हा विषय इथं पहिल्यांदा मुलींच्या ताब्यात येतो, आणि लगेच पात्रं वाढतात.

डेकू-उराराकाचं काय? शेवटच्या प्रकरणात मोघम. वाचक खट्टू झाले. २०२४च्या डिसेंबरात आलेल्या ४२व्या खंडात वाढीव प्रकरण जोडलं गेलं, तेव्हा कुठं हातात हात आले. पुरवणीत उरकलेलं प्रेम! शोनेनची ही जुनी खोड आहे. 'नारुतो' २०१४ साली संपला, 'ब्लीच' २०१६ साली; दोन्हींच्या अखेरीस काही वर्षं पुढं उडी मारून थेट मुलंबाळं दाखवली. प्रेम रंगवायचं नाही, त्याचा पुरावा तेवढा कडेवर द्यायचा.

हे अटळ आहे का? नाही. हिरोमु अराकावा ही होक्काइदोतल्या दुधाच्या व्यवसायातल्या शेतकरी घरातली बाई. पुरुषी टोपणनावानं तिनं 'फुलमेटल अल्केमिस्ट' (२००१ ते २०१०) लिहिलं. त्यातली विन्री नायकाचा लोखंडी हात घडवते, बिघडला की दुरुस्त करते, पैसे वसूल करते. तिला आईबापांचा खुनी भेटतो तेव्हा तिच्यापुढचा पेच तिचा स्वतःचा असतो. म्हणून शेवटची प्रेमाची कबुली, तीही देवाणघेवाणीच्या भाषेत, हसवते आणि पटते. २०२१पासून चालू असलेल्या युकिनोबु तात्सु यांच्या 'दानदादान'मध्ये तर मुलगीच गोष्ट सुरू करते, आणि भूत-परग्रहवासीयांशी मारामारी करता करताच दोघांचं जमत जातं. मारामारी थांबवून प्रेम दाखवावं लागत नाही.

हे वाचून आपण नाक वर करायचं कारण नाही. मराठी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाचं, म्हणजे फँटमचं, प्रेयसी डायनाशी लग्न लागलं १९७७ साली. पात्र जन्मलं होतं १९३६ला. एक्केचाळीस वर्षं बाई थांबली होती. ना. धों. ताम्हणकरांनी गोट्या लिहिला आणि चिंगीही लिहिली, पण पोरांच्या हाती गोट्याच जास्त राहिला. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या सायकलमागं धावताना मुली स्वतःला फेणेच समजत होत्या; दुसरी सोय नव्हती. शोनेनमध्ये आज सोय आहे. शक्ती आहे, नाव आहे, चेहरा आहे. अडतं ते हवं-नकोपाशी.

निघताना भाचीला विचारलं, शेवट आवडला का? हात हातात आले, आता झालं ना समाधान? ती चित्रातल्या गालांवर पेन्सिल फिरवत होती. तिनं मान वर केली नाही.

"ते ठीक आहे. पण मामा, तिच्या बाबांच्या कंपनीचं काय झालं?"