‘मिस्टर इंडिया’ आणि त्याचे प्रेक्षक

एखादा चित्रपट लोकप्रिय झाला म्हणजे त्याविषयी मते फार होतात आणि विचार थोडा होतो. शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला व सलीम-जावेद यांनी लिहिलेला ‘मिस्टर इंडिया’ हा हिंदी चित्रपट १९८७ साली पडद्यावर आला. विज्ञानकथा आणि विनोद यांचा संसार हिंदी चित्रपटात इतक्या सुखाने क्वचितच झाला असेल. आज तो अभिजात गणला जातो; आणि दिल्लीच्या हिंदूराव भागात चार मराठी घरे एकत्र जमली व या चित्रपटाचा विषय निघाला, की आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाचे मत तयार असते. त्या मतांत तथ्य पुष्कळ आहे. परंतु चित्रपटाचे मर्म ज्या एका गोष्टीत आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते असे आम्हांस वाटते.

पहिला आक्षेप विज्ञानाचा. अरुण वर्मा या गरीब व्हायोलिनशिक्षकाला वडिलांनी लावलेल्या शोधाचे यंत्र मिळते. ते मनगटावर चढविताच तो दिसेनासा होतो. शास्त्र शिकलेले प्रेक्षक येथे हसतात. ज्याच्या आरपार प्रकाश जातो त्याच्या डोळ्यांत प्रतिमा उमटणार कशी? असा माणूस आंधळाच असावयास हवा. आक्षेप बिनतोड आहे. पण तो एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीलाही तितकाच लागू पडतो. विज्ञानकथेकडे एक अशक्य गोष्ट मागण्याचा अधिकार असतो. ती मिळाल्यावर तिचे नियम पाळणे एवढेच तिचे कर्तव्य. वेल्सच्या नायकाला अदृश्य राहण्यासाठी थंडीत उघडे हिंडावे लागते. येथे अट निराळी आहे: तांबड्या प्रकाशात अरुण दिसतो. या एका अटीने विनोदाला आणि भयाला दोहोंनाही जागा मिळाली. दोष काढावयाचाच तर तो असा, की अंगातला सदरा नाहीसा होतो आणि हातातली मारुतीची मूर्ती मात्र हवेत तरंगताना दिसते. पण त्या मूर्तीच्या प्रसंगाला जे हसू येते, त्यापुढे हा हिशेब कोण मांडणार?

दुसरे मत असे, की चित्रपट नायकाचा नव्हेच. तो अमरीश पुरी यांच्या मोगँबोचा आणि श्रीदेवीच्या सीमाचा. मोगँबोच्या खुशीचे ते तीन शब्द बोलभाषेत कायमचे शिरले. श्रीदेवीने चार्ली चॅप्लिनचे सोंग घेऊन जुगाराच्या अड्ड्यात जो धुमाकूळ घातला, तसा विनोद हिंदी नायिकांच्या वाट्याला सहसा येत नाही. सतत खणखणणाऱ्या टेलिफोनांनी त्रासलेला अन्नू कपूरचा संपादक गायतोंडे तर कचेरीत दिवस काढणाऱ्या कोणालाही आपला वाटावा. या सर्वांत अनिल कपूर फिका पडतो, हे प्रेक्षकांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. फरक इतकाच, की प्रेक्षक ज्याला उणीव मानतात ती आम्ही योजना मानतो. अनाथ मुलांना सांभाळणारा, उधारीने गांजलेला हा माणूस यंत्र मिळण्यापूर्वीही कोणाला दिसतच नव्हता. सीमा त्याच्याच घरी भाड्याने राहते आणि प्रेम करते ते न दिसणाऱ्या मिस्टर इंडियावर. समोरचा अरुण तिच्या नजरेत भरत नाही. विनोदाच्या पोटातले दुःख ते हेच.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर. मुलांनी पाहावयाच्या हसऱ्या चित्रपटात टीना या चिमुरडीचा बाँबस्फोटात मृत्यू का दाखवावा? तरुण प्रेक्षकांना तो रसभंग वाटतो. पण १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत असलेल्यांचे मत निराळे पडते. त्या महिन्यात या शहरात ट्रान्झिस्टरमध्ये दडविलेले बाँब फुटले, माणसे मेली, आणि बेवारस वस्तूला हात लावू नये हा धडा दिल्लीतल्या मुलांना पाठ करावा लागला. दोनच वर्षांनी पडद्यावर टीना मेली तेव्हा या प्रेक्षकांचा रसभंग झाला नाही; त्यांना आपले शहर आठवले. एकच प्रसंग दोन पिढ्यांना दोन प्रकारे भिडतो, याचा दोष प्रसंगाला देता येत नाही.

आता मर्माकडे वळू. अदृश्य नायकाची कल्पना हिंदी पडद्यावर नवी नव्हती. १९५७ साली ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोककुमार अदृश्य झाले होते, आणि त्याच अशोककुमारांच्या हातून येथे अरुणला यंत्राचा वारसा मिळतो. मात्र या चित्रपटाने एक धाडस केले. शेवटी मोगँबोच्या कैदेत आपणच मिस्टर इंडिया असल्याचे अरुण सांगतो, तेव्हा यंत्र त्याच्यापाशी नसते; ते हरवलेले असते. हा फाटका माणूस मिस्टर इंडिया असेल हे पटवून देण्यास त्याच्याजवळ पुरावा उरत नाही. पुढची झुंज तो यंत्रावाचून, सर्वांना दिसणाऱ्या देहानिशी देतो आणि जिंकतो. लेखकांनी शास्त्राची देणगी ऐन वेळी काढून घेतली; म्हणूनच चित्रपट जादूच्या खेळावरून माणसाच्या गोष्टीवर आला. आमच्या कानी आलेल्या मतांत या प्रसंगाचा उल्लेख जवळजवळ नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

खुद्द हिंदूराव हे नाव तरी काय सांगते? रोज हजारो लोक ते उच्चारतात, टेकडीवरच्या रुग्णालयाची वाट विचारतात. पण ते नाव कागलकर घाटग्यांच्या एका मराठा सरदाराचे, बायजाबाई शिंद्यांच्या भावाचे, हे किती जणांना ठाऊक असते? नाव उरले, माणूस दिसेनासा झाला. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. फाइलीवरचा शेरा दिल्लीभर फिरतो. तो लिहिणारा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

चित्रपटात उणिवा आहेत. उत्तरार्ध लांबला आहे, खलनायकाचा तळ भडक आहे, परदेशी माणसे बाहुल्यांसारखी रंगविली आहेत. तरीही भेसळीचे खडे भेसळखोरालाच चावावयास लावणाऱ्या त्या अदृश्य हाताला टाळ्या मिळतात, त्या बालिश म्हणून उडवून लावणे बरे नव्हे. आपल्याला कोणी पाहत नाही, या दुःखाचेच बळ व्हावे अशी सामान्य माणसाची इच्छा त्या टाळ्यांत असते. चित्रपट ती इच्छा पुरवतो आणि मग यंत्र काढून घेऊन विचारतो, ‘आता याच्यावाचून काय करशील?’ प्रेक्षकांनी आपली मते या प्रश्नापासून सुरू करावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.